हवेची चौकशी

कॅनडातल्या आमच्या ऑन्टॅरिओत हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे नाहीत. शेजारच्या क्यूबेकमध्ये आहेत. तिथे 1 डिसेंबर ते 15 मार्च ते लावले नाहीत तर दंड बसतो. आमचं सरकार मोठ्या मनाचं. ते एवढंच म्हणतं, की टायर लावलेत तर विमा कंपनीने तुम्हाला सवलत दिली पाहिजे, बाकी तुम्ही आणि तुमचं नशीब. ही सवलत 2016 पासून आहे, आणि सवलतीचं नाव कानावर पडल्यावर मिसिसागातला मराठी माणूस स्वस्थ बसू शकत नाही.

टायर घेण्यात तसा काही त्रास नाही. कडेला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी असं चिन्ह आहे ना, ते बघायचं. तापमान 7 अंशांच्या खाली गेलं की उन्हाळी टायरचं रबर कडक होतं, हे ज्ञान दुकानदार फुकट देतो. आमची गाडी विजेची, म्हणजे पोटात बॅटरी घेऊन फिरणारी आणि अंगाने जड, त्यामुळे जास्त वजन पेलणारे टायर लागतात. तेही मिळाले. दर वर्षी टायर रिमवरून उतरवाचढवायला नकोत म्हणून रिमसकट अख्खा दुसरा संच घेतला. बिल होत आलं होतं. तेवढ्यात दुकानातल्या सरदारजींनी पेन थांबवलं आणि विचारलं, "सेन्सर का क्या करना है, सरजी?"

त्या प्रश्नात माझा नोव्हेंबर गेला.

सेन्सर म्हणजे अंगठ्याएवढी काळ्या प्लॅस्टिकची डबी. तिला व्हॉल्व्हची नळी जोडलेली. डबी रिमच्या आत राहते, बाहेर दिसते ती फक्त व्हॉल्व्हची टोपी. वजन तीसेक ग्रॅम. आत बारकीशी लिथियमची बॅटरी, तीही राळेत पुरून टाकलेली, म्हणजे पाचदहा वर्षांनी ती संपली की बॅटरी नव्हे, सेन्सरच फेकायचा. गाडी उभी असताना हा प्राणी झोपतो. चाक फिरायला लागलं की जागा होतो आणि आत हवा किती, तापमान किती, हे बिनतारी कळवत राहतो. प्रत्येक चाकात एक, आणि उन्हाळी चाकांतले हिवाळी चाकांत येत नाहीत. म्हणजे येतात, पण त्यासाठी दर वर्षी टायर उचकटायला लागतात. ते टाळायला तर दुसरा संच घेतला होता.

बरं, नकोच म्हटलं तर? चालतं! कॅनडात या सेन्सरची सक्ती नाही. सक्ती अमेरिकेत आहे. तिथे फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांवरचे फायरस्टोनचे टायर धावता धावता सोलवटून निघाले, माणसं दगावली, आणि 2000 साली ट्रेड नावाचा कायदा आला. सप्टेंबर 2007 पासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीत टायरच्या हवेवर पाळत ठेवणारी यंत्रणा असावी लागते. हवा ठरल्यापेक्षा 25 टक्के कमी झाली की दिवा लागला पाहिजे, आणि सेन्सरच सापडत नसेल तर दिव्याने मिनिटभर लुकलुकून मग पेटून बसलं पाहिजे, असा नियम. गाड्या दोन्हीकडे त्याच येतात. त्यामुळे कायदा सीमेपलीकडे आणि लुकलुकणं आमच्याकडे, अशी वाटणी झालेली आहे.

स्कारबरोच्या एका मित्राने या दिव्यावर तोडगा काढलेला आहे. त्याच्या पेट्रोलच्या गाडीत, दिव्याच्या जागी काळ्या चिकटपट्टीचा एक चौकोन आहे. गेले कित्येक हिवाळे तो सुखात आहे. "पाच पैशाचं काम," असं त्याने मलाही सुचवलं. पण आमच्या गाडीला डॅशबोर्डच नाही. मधोमध एक भला मोठा पडदा आहे आणि वेग, नकाशा, गाणी, तक्रारी सगळं त्याच पडद्यावर उमटतं. हवेची तक्रार झाकायची तर शेजारचा वेगही झाकला जातो. शिवाय नुसतं दिसत नाही, 'टिंग' असं वाजतं. पेट्रोलच्या गाडीत इंजिनाच्या घरघरीत असल्या टिंगटिंगीकडे दुर्लक्ष करता येतं. विजेच्या गाडीत स्मशानशांतता असते. त्यात तो टिंग असा घुमतो, की मागच्या सीटवर झोपलेलं बाळ दचकून उठतं.

बाळाचा उल्लेख आला म्हणून सांगतो, त्याच्यासाठी सासूसासरे मिरजेहून आलेले होते. सासरे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त. आयुष्यभर टायरांत काढलेला माणूस. सेन्सरची चर्चा त्यांनी जेवताना शांतपणे ऐकून घेतली आणि हात धुवून आल्यावर विचारलं, "जावईबापू, टॉमी आहे का घरात?"

टॉमी म्हणजे लोखंडी पहार. डेपोतून गाडी निघण्याआधी टॉमीने प्रत्येक टायर ठोकायचा. 'टण्' वाजला तर हवा आहे, 'भद्' वाजला तर नाही. सेन्सर, बॅटरी, राळ, काही नाही. मी सांगितलं, की बाबा, इथे घरात टॉमी नसते.

"मग स्टेपनी कशी बदलता?"

"स्टेपनीही नसते."

"गाडीत स्टेपनी नाही?"

"नाही. विजेच्या बऱ्याच गाड्यांत देत नाहीत. जागा आणि वजन वाचतं."

यावर ते काही बोलले नाहीत. पण रात्री मिरजेला फोन लागला होता आणि पलीकडच्याला "अहो, शपथेवर सांगतो, स्टेपनी नाही" असं सांगितलेलं मी जिन्यातून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना गणित समजावलं. थंडीत हवा आकसते; दर 10 अंशांना साधारण 2 पीएसआय, म्हणजे हवेच्या दाबाच्या मापात 2. आमच्या गाडीला 42 लागतात. सप्टेंबरात 20 अंशांत 42 मारून घेतली, तर जानेवारीत उणे 15ला ती 35 भरते. चोर नाही, पंक्चर नाही, नुसती थंडी. हवा कमी की टायर रस्त्याला जास्त घासणार, टायर घासला की गाडी बॅटरी जास्त खाणार, आणि थंडीत ती आधीच जास्त खात असते. आता 42 आणि 35 मधला फरक टॉमीला कळेल का?

"कळेल," बाबा म्हणाले. "पण टायर एसटीचा पाहिजे."

निकाल बायकोने दिला. "दिवा कायम पेटलेला असेल तर ज्या दिवशी खरंच हवा जाईल त्या दिवशी कळणार कसं?" याला उत्तर नव्हतं. स्कारबरोच्या मित्राकडेही नव्हतं. मी विचारून पाहिलं.

तर खरेदी. संकेतस्थळं फार अदबीने वागतात. गाडीचं साल विचारतात, मॉडेल विचारतात, चाकाचा आकार विचारतात आणि मग हिरवी खूण करून 'तुमच्या गाडीला बसेल' असं सांगतात. दोन प्रकारचे सेन्सर होते आणि दोघांवरही हिरवी खूण होती. एक 433 मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर बोलतो, दुसरा ब्लूटूथवर. एकाची भाषा दुसऱ्याच्या गाडीला कळत नाही. आमच्या मॉडेलमध्ये कंपनीने मध्येच केव्हातरी पहिला सोडून दुसरा धरला होता, आणि आमची गाडी नेमकी त्या संधिकाळात जन्मलेली. 433वाला पन्नासेक डॉलरचा, पण त्याला हातातल्या यंत्राने गाडीची ओळख करून द्यावी लागते. ब्लूटूथवाला नव्वदच्या घरात, पण तो आपणहून ओळख काढून घेतो. गुणिले चार, अधिक बसवण्याची मजुरी. 13 टक्के एचएसटी, म्हणजे विक्रीकर, मात्र दोन्हींना सारखा. त्या महिन्यात मला कुणी ठामपणे सांगितलेली तेवढी एकच गोष्ट.

मग पार्ट्सच्या काउंटरला फोन. त्यांनी गाडीचा नंबर मागितला. नंबरप्लेटचा नव्हे, 17 अक्षरांचा. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. इतका विचार केलेला आहे! दहावं अक्षर मॉडेलचं साल सांगतं. फक्त साल सांगतं, महिना नाही, आणि आमचं सगळं अडलं होतं महिन्यावर. महिना दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. बाबा टोपी, मफलर, हातमोजे घालून मोबाईलच्या उजेडात गॅरेजमध्ये वाकले आणि मी दारात फोन घेऊन उभा.

"पी. पुण्याचा पी," बाबा आतून ओरडले.

"पी ॲज इन पीटर," मी फोनमध्ये म्हणालो.

"आठ. मग बी, बटाट्याचा बी. नव्हे, थांबा. आठच. बटाटा खोडा."

पलीकडच्या मुलीने शांतपणे सगळं उतरवून घेतलं, टकटक केलं आणि 433 असं सांगितलं. खात्री म्हणून दुसऱ्या काउंटरला विचारलं. तीच 17 अक्षरं, तोच महिना. तो ब्लूटूथ म्हणाला. मी म्हटलं, आधीच्या बाई 433 म्हणाल्या. तो म्हणाला, तसंही असू शकेल.

शेवटी सरदारजींनाच शरण गेलो. त्यांनी सगळी कहाणी ऐकली आणि एक वाक्य बोलले, "खोल के देख लेते हैं."

पुढचं उजवं चाक काढून यंत्रावर चढवलं. हवा सोडली. बाजूच्या फाळक्याने टायर दाबला तशी त्याची कडा 'धप्प' करून रिमवरून सुटली. मग त्यांनी कडेला साबणाचं पाणी फासलं, भिंतीवरची एक लोखंडी पहार घेतली आणि टायरच्या ओठाखाली सारली.

"टॉमी!" बाबा जवळजवळ ओरडले.

सरदारजींनी वळून बघितलं. बाबा पुढे झाले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "हम एसटी में थे. महाराष्ट्र रोडवेज."

त्यानंतर माझा सेन्सर मागे पडला. सरदारजींचे वडील पंजाब रोडवेजमध्ये होते. चहा आला. नळी असलेल्या टायरापासून रेडियलपर्यंत उजळणी झाली. घाटात ब्रेक तापले की ड्रमवर पाणी मारावं की मारू नये, यावर दोघांचं कडक एकमत झालं. टॉमी एकदा बाबांच्या हातात देण्यात आली. त्यांनी ती तोलून बघितली, फिरवून बघितली आणि "हलकी आहे" असा शेरा मारून परत केली. मी उघड्या चाकापाशी उभा होतो. आत ती काळी डबी, तिच्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत एक नंबर. अर्ध्या तासाने सरदारजींना माझी आठवण झाली, त्यांनी तो नंबर मोबाईलवर शोधला आणि म्हणाले, "ब्लूटूथ."

दोन हिरव्या खुणा आणि दोन काउंटर जे करू शकले नाहीत ते पहारीने केलं, असं बाबांचं मत पडलं. मी वाद घातला नाही; खरंच होतं ते.

सेन्सर आले. बसले. व्हॉल्व्हचा नट मापाच्या पान्ह्याने आवळला गेला, चाकं बॅलन्स झाली, थंड टायरात 42 मारली. आता गाडी थोडी चालवायची म्हणजे सेन्सर जागे होऊन आपापली ओळख सांगतील. प्लाझाला चक्कर मारली. पडद्यावर गाडीचं चित्र आणि चाकांपाशी आकडे उमटायला लागले. 42. 42. 41. मागच्या डाव्या चाकापाशी नुसत्या दोन रेघा.

सरदारजी म्हणाले, थोडं हायवेवर फिरवून आणा, येईल. म्हणून घरदार, बाळ आणि सासूबाईंनी वाटेत लागतील म्हणून घेतलेले लाडू, असे सगळे आम्ही 403 नंबरच्या हायवेवर. बाहेर चिखलाळ बर्फ उडतोय, आणि गाडीतल्या सगळ्यांचे डोळे दोन रेघांवर. मला समोर बघायचं होतं म्हणून बाबा धावतं वर्णन करत होते. "नाही अजून. नाही. नाही." ओकव्हिल आलं. सासूबाईंनी लाडू वाटले. बायकोने सुचवलं, की आता एवढे आलोच आहोत तर नायगारा बघून येऊ. ब्रॉन्टे रोडच्या एक्झिटपाशी रेघा हलल्या आणि 41 आला.

"लागली, लागली!" बाबा म्हणाले, फलाटावर गाडी लागल्यावर म्हणतात तसं.

परतीच्या वाटेवर त्यांनी बिल मागून घेतलं. आकडे बघून त्यांना काय वाटलं ते त्यांनी मनात ठेवलं. मग चष्मा वर करून तळाशी छापलेलं बारीक इंग्रजी वाचलं. 50 ते 100 किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट पुन्हा आवळून घ्यावेत, अशी सूचना होती.

"म्हणजे नट सैल पडला तर गाडीला कळत नाही?"

"नाही."

"हवा कळते. हवेचं तापमान कळतं. नट नाही?"

"नाही, बाबा."

शेजारून एक ट्रक गेला. त्याच्या चाकांच्या नटांवर पिवळ्या प्लॅस्टिकची टोकदार टोपणं होती. नट जरा जरी फिरला तरी टोकाची दिशा बिघडते आणि लांबून दिसतं. बाबा मान वळवून ट्रक दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले.

"हे आपल्याला का नाही? बॅटरी नको, ब्लूटूथ नको. कुठं मिळतंय बघा की."

"बाबा, तुम्ही त्याला आता काही म्हणजे काही सुचवू नका," बायको मागून म्हणाली.

पुढच्या सिग्नलला बाबांनी माझा मोबाईल घेतला आणि स्वतःच शोधायला बसले. थोड्या वेळाने चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "जावईबापू, गाडीचं साल विचारतंय."