एकाच फाइलमध्ये सगळं कोंबायचं बंद करा आता

स्लाइडवर मोकळी जागा दिसली की लोकांना नक्की काय होतं हे मला कुणीतरी सांगा. मी स्लाइड करून देते, वर एक पूर्ण वाक्य, की ग्राहक सोडून जातात ते पहिल्याच महिन्यात, खाली एक साधा बार चार्ट, त्यात पहिल्या महिन्याचा बार गडद आणि बाकीचे राखाडी. बस. बघितल्या बघितल्या कळतं. तीच फाइल वरून फिरून परत येते तेव्हा कोपऱ्यात लोगो, खाली चार बुलेट, उजवीकडे एक टेबल, सगळे बार वेगवेगळ्या रंगाचे, आणि माझं वाक्य जाऊन मथळा काय, तर 'ग्राहक विश्लेषण'. अहो पण विश्लेषणातून निघालं काय? तेच तर लिहिलं होतं ना मी वर! विचारलं तर उत्तर ठरलेलं, "अगं जागा रिकामी दिसत होती म्हणून टाकलं." तळपायाची आग मस्तकात जाते माझी.

ती जागा मुद्दाम सोडलेली असते. बघणाऱ्याची नजर आधी कुठे जावी हे त्या मोकळ्या जागेवरून ठरतं, तिथे खोगीरभरती केली की नजर सैरभैर होते आणि जो एक आकडा दाखवायला सगळी धडपड चाललेली असते तोच कुणाला दिसत नाही.

आणि यामागचं खरं कारण काय आहे ते मला पक्कं माहितीये. प्रत्येकाला एकाच फाइलमधून दोन कामं करून हवीयत. ती समोर पडद्यावर पण दाखवायचीये, आणि नंतर मेलवर "डेक पाठवून द्या" म्हणून जे आले नव्हते त्यांना वाचायला पण द्यायचीये. म्हणजे बोलणारा नसताना सुद्धा सगळं समजलं पाहिजे, म्हणून मग सगळं लिहा, तळटिपा टाका, अटी टाका, मागच्या वर्षीचे आकडे पण असू द्या. यातून जे तयार होतं ते धड रिपोर्ट नसतं आणि धड स्लाइड पण नसते. रिपोर्ट म्हणून वाचायला घेतलं तर तुटक तुटक अर्धी वाक्यं, कशाचा कशाशी संबंध लागत नाही, आणि पडद्यावर टाकलं तर मागच्या रांगेतल्या माणसाला नुसत्या मुंग्या दिसतात.

वर बोलणारा पाठ फिरवून तेच वाचून दाखवतो! अरे आम्हाला वाचता येतं की. तुम्ही दुसऱ्या ओळीवर असता तोवर आमचं सगळं वाचून झालेलं असतं, आणि वाचताना तुमचं बोलणं डोक्यात शिरत नाही ते वेगळंच, कारण शब्द वाचणं आणि शब्द ऐकणं ही दोन्ही कामं डोकं एका वेळी नीट करूच शकत नाही. हे मी मनाने सांगत नाहीये. रिचर्ड मेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने यावर वर्षानुवर्षं प्रयोग केलेत, चित्र आणि सोबत बोलणं असेल तर लोक चांगलं शिकतात, आणि तेच बोलणं शब्दशः पडद्यावर पण टाकलं की उलट कमी शिकतात. नोट्ससाठी खाली वेगळा रकाना दिलाय ना सॉफ्टवेअरमध्ये, प्रेझेंटर व्ह्यू लावला की तो फक्त बोलणाऱ्याला दिसतो, लोकांना दिसत नाही. मग तिथे लिहा ना काय लिहायचं ते! पण नाही, तो रकाना कायम कोरा आणि स्लाइड ओसंडून वाहतीये.

"एवढं काय त्यात, स्लाइडच तर आहे" म्हणणाऱ्यांचा मला सगळ्यात जास्त राग येतो. २००३ साली नासाचं कोलंबिया अंतराळयान पृथ्वीवर परत येताना तुटलं, कल्पना चावलासकट सातही जण गेले. यान वर असतानाच इंजिनिअरांनी उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरून सुटून पंखावर आदळलेल्या फोमच्या तुकड्याबद्दल नासाला प्रेझेंटेशन दिलं होतं. त्यातली एक स्लाइड पुढे फार गाजली. मथळा वाचून वाटतं काळजीचं काही नाही, मग एकात एक अडकवलेले बुलेटच बुलेट, आणि पार तळाला बारीक अक्षरात खरी गोष्ट, की फोमचा आकार १९२० घन इंच धरलाय आणि ज्या चाचण्यांच्या भरवशावर हे चाललंय त्यातला तुकडा होता ३ घन इंचांचा. शेकडो पटींचा फरक, आणि तो तळाला! माहिती चित्रांतून कशी मांडावी याचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी या स्लाइडची ओळ न् ओळ सोलून दाखवलीये, आणि चौकशी मंडळाने अहवालात स्पष्ट लिहिलं की तांत्रिक अहवालाच्या जागी पॉवरपॉइंटच्या स्लाइड वापरायची सवय नासात मुरली होती. अपघात स्लाइडमुळे झाला असं मी म्हणत नाहीये, कारणं बरीच होती. पण निर्णय घेणाऱ्यांसमोर सगळ्यात महत्त्वाचा आकडा सगळ्यात खाली होता हे तर खरं ना? आणि रिपोर्टचं काम स्लाइडवर ढकललं की हेच होतं.

हे ज्यांना कळलं त्यांनी सरळ वेगळं करून टाकलं. २००४ मध्ये जेफ बेझोसने अ‍ॅमेझॉनच्या वरिष्ठांच्या मीटिंगमधून पॉवरपॉइंट काढलं, सलग वाक्यांतला मेमो लिहून आणा, सगळे मीटिंगच्या सुरुवातीला शांत बसून वाचणार आणि मग बोलणार. मला त्या कंपनीचं कौतुक करायचं नाहीये, पण वाचायचं ते वाचायला द्या आणि दाखवायचं ते दाखवा, इतकी साधी गोष्ट आहे, आणि ती सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आलाय. "दोन दोन फाइली कोण करणार?" म्हणे. अहो, दोन पानांची नोट लिहायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा जास्त वेळ तुम्ही त्या चौकोनात मजकूर बसावा म्हणून फाँट अठराचा चौदा, चौदाचा दहा करण्यात घालवता.

आणि ते वाक्य! "हे मागे दिसत नसेल कदाचित, पण..." दिसत नसेल हे तुम्हाला आधीपासून माहिती होतं, मग टाकलंत कशाला? एक्सेलमधून अख्खं टेबल उचलून चिकटवायचं, चाळीस ओळी, आणि बोलायचं त्यातल्या एका ओळीबद्दल. ती एक ओळ मोठी करून टाका, बाकीचं टेबल नोटमध्ये द्या, ज्याला हवं तो बघेल. चार्टचं पण तेच, थ्रीडी पाय चार्ट दिसला की मला उठून जावंसं वाटतं, कारण तिरका केला की पुढचा तुकडा आहे त्यापेक्षा मोठा दिसतो, म्हणजे तुम्ही चक्क चुकीचं दाखवताय लोकांना. लांबीतला फरक डोळ्यांना कोनातल्या फरकापेक्षा जास्त अचूक कळतो, क्लीव्हलंड आणि मॅक्गिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ सालीच हे प्रयोग करून मांडलंय, तरी पाय चार्टचा मोह सुटत नाही. लाल म्हणजे वाईट आणि हिरवं म्हणजे चांगलं, बाकी खूण काहीच नाही, मग ज्यांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही त्यांनी काय करायचं? पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं तर विचारूच नका, तुमच्या लॅपटॉपवर छान दिसतात, प्रोजेक्टरवर गायब. एकदा त्या खोलीत जाऊन शेवटच्या खुर्चीवर बसून बघा ना, पाच मिनिटांचं काम आहे, पण तेवढे कष्ट कुणी घेत नाही.

अ‍ॅनिमेशनवर मी काही बोलत नाही, अक्षरं गरागरा फिरत येतात त्यावर बोलण्यासारखं काही उरलेलंच नाही.

पण शेवटच्या स्लाइडबद्दल बोलणार. मोठ्या अक्षरात 'धन्यवाद', मागे फुलांचा फोटो. मग प्रश्नोत्तरं सुरू होतात आणि सगळ्यात जास्त वेळ पडद्यावर काय राहतं, तर ती फुलं. नेमकं तेव्हाच लोकांना तो चार्ट समोर हवा असतो, "तो मघाचा आकडा किती होता?" म्हणून कुणीतरी विचारतंच, मग सगळ्यांसमोर मागे मागे जात स्लाइड शोधायची, ती सापडेपर्यंत वेळ संपतो, आणि ज्याने खरंच कामाचा प्रश्न विचारला होता त्याला "आपण नंतर बोलू" म्हणून खाली बसवतात.