'सोफ्यावर बसून' : स्पष्टवक्ता यांना उत्तर

'स्पष्टवक्ता' यांस,

'कौन बनेगा करोडपती'वरच्या माझ्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. एकदा लोकलमध्ये, एकदा जेवताना, आणि एकदा बायकोला मोठ्याने वाचून दाखवताना. ती म्हणाली, "सोड ना, कशाला उत्तर देत बसतोस." तरी देतोय.

ज्यांच्या नजरेतून ती प्रतिक्रिया सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. स्पष्टवक्ता म्हणतात, हा कार्यक्रम म्हणजे विकत आणलेली विलायती नक्कल, त्याला 'आपला' म्हणणं भाबडेपणाचं. कार्यक्रमाचे पहिले करोडपती हर्षवर्धन नवाथे, ते जिंकल्याचं साल मी चुकवलं. ज्ञानाच्या नावाखाली लोकांच्या फोनवर आणि एसेमेसवर धंदा झाला, त्यावर मी चकार शब्द काढला नाही. मराठी आवृत्ती ही हिंदीची झेरॉक्स. आणि मग हे शेवटचं वाक्य, जसंच्या तसं: "लेखकमहाशयांनी हा कार्यक्रम बहुधा सोफ्यावर बसून, वाफाळत्या चहासोबत पाहिला असावा, म्हणून त्यांना त्यात क्रांती दिसते."

साल चुकलं, मान्य. नवाथे ऑक्टोबर 2000 मध्ये करोडपती झाले, मी 2001 लिहिलं होतं. दुरुस्त केलं आहे. चूक दाखवल्याबद्दल आभार, मनापासून. (2001 डोक्यात का बसलं तेही सांगतो. त्या वर्षी मी नागरी सेवेच्या पूर्वपरीक्षेत आपटलो होतो.)

आता सोफा.

2000 साली आमच्या घरात सोफा नव्हता. परभणीत दोन खोल्या, एक लोखंडी कॉट, कॉटवर आजी. उरलेले सगळे चटईवर. टीव्ही होता, पण कृष्णधवल, आणि केबल नव्हती. केबीसी, म्हणजे 'कौन बनेगा करोडपती', लागायचं स्टार प्लसवर, म्हणजे केबल असलेलं घर गाठणं आलं. ते घर शेजारच्या काकूंचं. रात्री नऊला त्यांच्या दारात चपलांचा असा ढीग पडायचा की परत निघताना आपली जोडी शोधायला पाच मिनिटं लागायची. माझी जागा ठरलेली होती, फ्रिजच्या दाराला पाठ लावून. कुणाला पाणी हवं झालं की मी उठायचं, दार उघडू द्यायचं, पुन्हा बसायचं. तीन लाख वीस हजारांच्या प्रश्नाला हमखास कुणाला तरी तहान लागायची. आणि चहा म्हणाल, तर पंधरा-वीस माणसांना रोज रात्री चहा पाजायला काकूंचं काय हॉटेल होतं?

हे झालं बघण्याचं. मी नुसता बघत नव्हतो हो. मी फोन लावत होतो.

चौकातल्या एसटीडी बूथमध्ये, काचेच्या त्या खोक्यात, कार्यक्रमात भाग घेण्यासाठीचा नंबर फिरवायचो. एंगेज. पुन्हा फिरवायचो. एंगेज. बाहेर रांग लागलेली, बूथवाले काका काचेवर नाणं वाजवून घाई करायचे. एकदा लागला. रेकॉर्ड केलेल्या आवाजाने प्रश्न विचारला, मी बटण दाबलं, आणि सगळा वेळ नजर मात्र समोरच्या मीटरवर. लाल आकडे पळत होते, रिक्षाच्या मीटरपेक्षा जोरात. महिनाभरात सगळे मिळून 186 रुपये गेले. अभ्यासिकेची दोन महिन्यांची फी होती ती. घरी सांगितलं, पुस्तकं घेतली. संपर्कासाठी काकूंचा नंबर दिला होता, त्यामुळे पुढचा महिनाभर त्यांचा फोन वाजला की माझ्या पोटात गोळा. मुंबईहून फोन काही आला नाही. मोजून दोनदा माझ्यासाठी म्हणून हाक आली, दोन्ही वेळा फोनवर मावशी.

आणि ज्याने हे केलंय त्याला तुम्ही सांगणार, फोनच्या नावाखाली धंदा झाला म्हणून? मला बिलाचे आकडे अजून पाठ आहेत, साहेब.

तुमच्या त्या एका वाक्याचा राग एवढ्याचसाठी आला. मुद्दे मांडा, हरकत नाही. पण समोरच्याने आयुष्यात काय पाहिलंय याचा पत्ता नसताना त्याला परस्पर सोफ्यावर बसवून मोकळं व्हायचं, याला स्पष्टवक्तेपणा म्हणत नाहीत. आमच्याकडे याला वेगळा शब्द आहे, तो इथे लिहीत नाही.

नवाथे जिंकले तेव्हा तेही नागरी सेवा परीक्षेच्या तयारीत होते. आमच्या अभ्यासिकेत दुसऱ्या दिवशी कुणी पुस्तक उघडलं नाही. तोवर आमच्यासारख्यांना गल्लीत 'अजून शिकतोय का?' एवढंच विचारलं जायचं. त्या आठवड्यात वाण्याने मला थांबवून एका देशाची राजधानी विचारली. मी सांगितली, आणि त्याने गुळाचा खडा हातावर ठेवला. लेखात मी 'क्रांती' हा शब्द वापरलेला नाही, तो तुमचा. माझा शब्द 'किंमत' होता. पाठांतराला पहिल्यांदा किंमत आली, एवढंच म्हणालो होतो.

नक्कल? हो, ढाचा विकत घेतलेला आहे, हे मी लेखात दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलंय. 'हू वॉन्ट्स टु बी अ मिल्यनेअर' सप्टेंबर 1998 मध्ये ब्रिटनच्या आयटीव्हीवर सुरू झाला, सूत्रधार ख्रिस टॅरंट. छातीत धडधड करणारं ते संगीत कीथ आणि मॅथ्यू स्ट्रॅचन या बापलेकांचं. पंधरा प्रश्न, तीन लाइफलाइन, सगळं तिथलं. तुम्हाला आणखी एक दारूगोळा देतो, तुमच्या लक्षात आला नाही म्हणून. तिकडची बक्षिसांची शिडी 100 पौंडांपासून, पुढे 1,000, 32,000, 64,000, 1,25,000 अशी. आपल्याकडच्या पहिल्या पर्वाची 1,000 रुपयांपासून, पुढे 10,000, 3,20,000, 6,40,000, 12,50,000. प्रत्येक पायरीला एकेक शून्य चिकटवलं, झालं. बघा, तुमचाच खटला मी तुमच्यापेक्षा बरा लढतोय.

पण शिडी आणली म्हणून वर चढणारा माणूसही आयात होतो का? त्याआधी सिद्धार्थ बसूंचं 'क्विझ टाइम' 1985 पासून दूरदर्शनवर होतंच की. नंतर बीबीसी वर्ल्डवर त्यांचंच 'मास्टरमाइंड इंडिया', तेही ब्रिटिश कार्यक्रमाचं भारतीय रूप. दोन्ही इंग्रजीत. आमचे वडील एसटीत कंडक्टर. 'क्विझ टाइम' लागलं की ते आवाज बारीक करून बातम्यांची वाट बघत बसायचे. त्याच बसूंच्या संस्थेने केबीसी केलं, हिंदीत, आणि समोर अमिताभ बच्चन. तेच वडील फ्रिजपाशी माझ्या शेजारी बसून "बी! बी!" ओरडायला लागले. उत्तर बहुतेक वेळा सी असायचं.

2019 मध्ये अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे त्या खुर्चीत बसल्या. शाळेत खिचडी शिजवायच्या, महिना 1,500 रुपयांवर. एक कोटी जिंकून गेल्या. त्यांना जाऊन सांगा, बाई, तुम्ही नकलेत जिंकलात.

एसेमेसचं प्रकरण मला माहीत आहे. 2007 च्या पर्वातली 'हर सीट हॉट सीट' ही प्रेक्षकांसाठीची एसेमेस स्पर्धा, एका एसेमेसला 2 रुपये 40 पैसे, राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये ठोठावलेला एक कोटीचा दंड. सर्वोच्च न्यायालयाने तो पुढे रद्द केला. विषय संपला. आणि माझा लेख पहिल्या पर्वावर होता.

मराठीच्या 'झेरॉक्स'बद्दल एकच सांगतो. 'कोण होईल मराठी करोडपती'मध्ये सूत्रधार सचिन खेडेकर, पुढे 2019 ला 'कोण होणार करोडपती'मध्ये नागराज मंजुळे. मंजुळे समोरच्याला विचारायचे तेव्हा त्यांच्या जेऊर गावच्या पारावर बसून विचारल्यासारखं वाटायचं. आई त्यांना टीव्हीतच उत्तर द्यायची, "हो ना रे बाबा." झेरॉक्सशी कुणी असं बोलतं का? प्रश्नांच्या दर्जाबद्दल तुम्ही जे म्हणालात त्यात तथ्य असेलही, पण तो या लेखाचा विषय नाही.

वाचल्यावर आपल्याला वाटेल, एवढं चिडायचं काय कारण. चिडलेलो नाही. फक्त 'बहुधा' घालून कुणाचंही घर सजवू नका. सोफा आता आहे आमच्याकडे, कर्जाचे हप्ते फेडून घेतलेला. त्यावर इस्त्रीचे कपडे पडलेले असतात, आणि आई अजूनही खाली बसूनच टीव्ही बघते.

आपली प्रतिक्रिया मी उडवलेली नाही. बायको उडव म्हणत होती.