पोपटी जाळीचं कपाट

पुण्यात सागवानाला रंग लावणं हा गुन्हा आहे. पॉलिश चालतं, लाखेचं असेल तर चार लोकांत कौतुकही होतं. पण रंग? आणि तोही पोपटी?

कपाट मी जुन्या बाजारातून उचललं. मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरणारा बाजार, त्यामुळे तिथे काहीही मिळू शकतं. वर जाळी, खाली दोन लाकडी दारं. फ्रिज यायच्या आधी घरोघरी दूधदुभतं ठेवायला असायचं तसलं. "मॅडम, बर्मा टीक!" विकणारा म्हणाला. जुन्या बाजारात पोळपाटसुद्धा बर्मा टीकचा असतो. घासाघीस करून जे वाचवलं ते टेम्पोवाल्याने नेलं.

"दुधाचा रंग लावणार आहे," मी जाहीर केलं.

"अगं, आमच्या वेळी दूध कपाटाच्या आत ठेवायचे," सासूबाई म्हणाल्या.

दूध ओतायचं नसतं. पूड येते. त्यात दुधातलं केसीन, चुना आणि रंगद्रव्य. पुडीइतकंच पाणी घालून कालवायचं, गुठळ्या मोडायच्या, फेस बसू द्यायचा. चुन्यामुळे केसीन पाण्यात विरघळेनासं होतं, म्हणून वाळलेला हात ओल्या फडक्याने निघत नाही. कालवलेला रंग मात्र दुधाच्या जातीला जागतो; उन्हाळ्यात रात्रभर बाहेर राहिला की नासतो. म्हणून उरलेला फ्रिजमध्ये गेला, आणि सासूबाईंनी घरात येणाऱ्या प्रत्येकाला दारातच बजावायला सुरुवात केली, "फ्रिजमध्ये पिस्ता श्रीखंड नाहीये."

खरा छळ गॅलरीत होता. पॉलिश पेपर हातात घेतला की शेजारचे काका कठड्याशी हजर.

"मी बोललो नसतो, पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो."

मी विचारलं नव्हतं.

"हे कपाट १९६१ साली पानशेतच्या पुरातून वाचलं असेल हो. आणि आता तुमच्या तावडीत सापडलं."

मग वाड्यातलं त्यांचं कपाट, त्याचं पितळी कुलूप, ते कुठल्या भावाकडे गेलं, तो भाऊ कसा निघाला. एका दाराचं पॉलिश त्या भावकीच्या इतिहासात पार उतरलं. कोऱ्या लाकडाने रंग असा पिऊन घेतला की पहिला हात लावला होता की नाही, अशी शंका यावी.

दुसरं दार मी मुद्दाम घासलं नाही. जुन्या पॉलिशवर हा रंग धरत नाही. वाळता वाळता तडकतो, पोपडे सुटतात, खालचं लाकूड मधूनमधून दिसतं. लोक याच रूपासाठी हा रंग घेतात. मला ते फार देखणं वाटतं. काकांना ओल धरलेली भिंत आठवली.

ब्रश धुऊन मी जरा आडवी झाले. उठून पाहते तो ते दार लख्ख सागवानी! कामाच्या मावशी तारेची घासणी झटकत होत्या.

"ताई, रंग सुटायला लागला होता, काढून टाकला सगळा. ते दुसरं पण घासून बघितलं, पण तिथला काही केल्या निघेना." मग समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "दोन्हीकडे तोच चांगल्यातला लावायचा ना!"