एनआरव्ही लावला म्हणून घर कोरडं राहत नाही

भाचा घरात खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी, म्हणजे मरीन अ‍ॅक्वेरियम, बसवतोय. मंगळवारी रात्री त्याने सामानाचा फोटो पाठवला. पितळी एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह), चार एल्बो, टेफ्लॉन टेप आणि खाली एक ओळ: ‘आत्या, सगळं सामान आणलं. रविवारी सम्प जोडतो.’ सोबत तो फॉरवर्ड होताच, ‘खाऱ्या पाण्याच्या टाकीचं प्लंबिंग: दुकानदार सांगणार नाहीत अशा सात गोष्टी’. हा मला आधी तीनदा आला होता आणि तिन्ही वेळा मी तो सोडून दिला. आता तो माझ्या भावाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात शिरलाय, म्हणून लिहायला बसले.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सम्प म्हणजे मुख्य टाकीखालच्या कॅबिनेटमधली दुसरी टाकी. वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या कडेवरून सांडून पाइपाने खाली येतं, स्किमरमधून (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) जातं आणि रिटर्न पंप ते परत वर चढवतो. पंप चालू असेपर्यंत कसलाच त्रास नसतो. खरी परीक्षा तो बंद पडल्यावर होते.

म्हणून आधी मुद्दा तिसरा: ‘रिटर्न लाइनला एनआरव्ही लावला की वीज गेली तरी पाणी उलटं येत नाही. मग सम्प बिनधास्त काठापर्यंत भरा.’ सातांत सगळ्यात घातक हाच.

वीज गेली की रिटर्न पाइपाचं तोंड जिथवर पाण्यात बुडलेलं आहे, तिथवरचं पाणी सायफनने खाली येतं. भाच्याची टाकी १२० सेंटीमीटर लांब आणि ४५ रुंद. म्हणजे पातळी एक सेंटीमीटर उतरली की ५.४ लिटर पाणी खाली. त्याने पाइपाचं तोंड ६ सेंटीमीटर खोल ठेवायचं ठरवलं होतं, म्हणजे ३२ लिटर. पाइपातलं आणि ओव्हरफ्लोच्या खणातलं धरून ३५ समजा. त्याचा सम्प ९० बाय ३५, म्हणजे सेंटीमीटरला ३.१५ लिटर. फॉरवर्ड तर काठापर्यंत भरायला सांगतो, पण वर ५ सेंटीमीटर मोकळे ठेवले तरी जागा उरते जेमतेम १६ लिटरची. बाकीचे १९ लिटर जमिनीवर येणार. खाऱ्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे फरशीवर आणि कॅबिनेटच्या प्लायमध्ये साडेसहाशे ग्रॅमहून जास्त मीठ. एक्स्टेंशन बोर्ड खालीच पडलेला असेल तर वीज परत आल्यावर काय होईल, हे मला वेगळं सांगायला नको.

‘पण एनआरव्ही अडवेल ना?’ भाच्याने हेच विचारलं. आपल्या प्लंबरचा एनआरव्ही इमारतीच्या मोटरसाठी चांगला चालतो, कारण तिथे कित्येक मजल्यांच्या पाण्याचा भार झडप घट्ट दाबून धरतो. इथे वर जेमतेम मीटर-सव्वा मीटर पाणी. तेवढ्या दाबावर झडप नीट बसायला तिची बैठक अगदी स्वच्छ लागते, आणि मरीन टाकीत ती स्वच्छ राहत नाही. कॅल्शियमचा थर बसतो, नळीत राहणारे किडे आपली घरं बांधतात, वाळूचा कण अडकतो. माझ्या पहिल्याच वर्षी नखाएवढी गोगलगाय झडपेत अडकली होती. रात्री दोनला वीज गेली आणि सकाळी खालच्या काकूंच्या छताला ओल आली होती. त्या काही बोलल्या नाहीत, पण जिन्यात भेटल्या की मला त्यांच्या डोळ्याला डोळा देता येत नव्हता.

एवढं मान्य करते की चांगला पीव्हीसी एनआरव्ही उलटा प्रवाह बराच कमी करतो आणि पंप काढून धुताना सोयीचा पडतो. असेल तर असू दे. पण सम्पमधली मोकळी जागा मोजताना तो नाहीच असं धरायचं.

करायचं ते सोपं आहे. पाइपाचं तोंड पृष्ठभागाखाली जेमतेम २ सेंटीमीटर ठेवा. पाइप खोल न्यायचाच असेल तर पातळीच्या लगेच खाली त्याला छोटं भोक पाडा, म्हणजे तिथून हवा शिरून सायफन तुटतो, आणि ते भोक दर आठवड्याला ब्रशने साफ करा. मग पंप बंद करून सगळं पाणी खाली येऊ द्या. ते सम्पच्या काठाखाली तीन-चार सेंटीमीटरवर थांबलं पाहिजे. पंप पुन्हा सुरू करा, पातळी स्थिर झाली की काचेवर मार्करने रेघ मारा. त्या रेघेच्या वर पाणी कधीही भरायचं नाही. भाच्याच्या टाकीला हे केलं तर ३५ लिटरांऐवजी १३-१४ लिटर खाली येतं.

मुद्दा दुसरा याचाच भाऊ आहे: ‘उतरत्या पाण्याला एकच पाइप पुरे, त्यावर व्हॉल्व्ह लावून पंपाशी जुळवा.’ जुळवलेलं जुळलेलंच राहील याची हमी कोण देणार? शेवाळाचा एक गुंता पाइपात गेला की खाली येणारं पाणी थांबतं, पंप मात्र चढवतच राहतो आणि या वेळी वरची टाकी सांडते. व्हॉल्व्ह लावायचा तर शेजारी दुसरा, थोडा उंच, बिनव्हॉल्व्हचा आपत्कालीन पाइप हवाच. मरीनवाले ज्याला हर्बी म्हणतात ती पद्धत हीच. शिवाय सम्पमधला रिटर्नचा खण, म्हणजे पंप बसतो तो कप्पा, लहान ठेवा. त्यातलं सगळं पाणी वर गेलं तरी मुख्य टाकीत मावलं पाहिजे.

पितळ. ‘पीव्हीसीपेक्षा पितळी फिटिंग टिकाऊ’ हे गच्चीवरच्या टाकीपुरतं खरं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात ते झिजतं आणि तांबं पाण्यात उतरतं. माशांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध देतात ते लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम एवढंच, आणि तेही वेगळ्या टाकीत, कारण तेवढ्यानेही कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ मरतात. भाच्याला कोळंबीच पाळायची आहे! एनआरव्ही, टँक निपल, बॉल कॉक, सगळं प्लास्टिकचं घ्या, आणि व्हॉल्व्हच्या आत धातूची स्प्रिंग नाही ना, हेही बघा. सॉल्व्हंट सिमेंटचे जोड वाळू द्या आणि आधी साध्या पाण्यावर एक दिवस चालवून बघा.

पंप ‘तासाला टाकीच्या वीस पट’ हवा म्हणे. टाकीत पाण्याला जोर हवा हे खरं, पण ते काम आत लावलेल्या वेव्हमेकरचं, म्हणजे टाकीतलं पाणी घुसळणाऱ्या छोट्या पंपाचं. सम्पमधून तीन ते पाच पट पुरेसं होतं. त्याहून जास्त ढकललं तर ओव्हरफ्लो गडगडतो आणि बुडबुडे थेट टाकीत येतात. पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, हेही लक्षात ठेवा. चढ आणि प्रत्येक एल्बो त्यातून वाटा घेतात.

‘पाणी कमी झालं की मिठाचं पाणी घाला’ हा मुद्दा वाचून मी फोन बाजूला ठेवला. वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहतं. ३०० लिटरच्या टाकीत रोज ३ लिटर खारं पाणी घालत गेलात तर दहा दिवसांत मिठाचं प्रमाण लिटरमागे ३५ ग्रॅमवरून ३८ च्या पुढे जातं. आरओचं गोडं पाणी घाला, तेही रिटर्नच्या खणात, कारण घट तिथेच दिसते.

‘मोठा सम्प चांगला’ हे बरोबर. सातांतलं एवढं एकच धड आहे.

शेवटचा मुद्दा: ‘लाइव्ह रॉक विकत घेऊ नका, मालवणच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचे दगड आणून सम्पमध्ये टाका.’ लाइव्ह रॉक म्हणजे पाणी शुद्ध करणारे जिवाणू वसलेला सच्छिद्र दगड. पण मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, आणि २००१ मध्ये खडक बांधणारी प्रवाळं त्याच्या अनुसूची एकमध्ये आली, ज्या अनुसूचीत वाघ आहे. असा संदेश पुढे पाठवणाऱ्यांपैकी एकानेही हे तपासू नये? प्रयोगशाळेत किंवा कारखान्यात बनवलेला सच्छिद्र सिरॅमिक खडक मिळतो, तो आणा. जिवाणू त्यावरही वसतात, फक्त काही आठवडे थांबावं लागतं.

काल भाच्याने पितळी एनआरव्ही दुकानात परत केला आणि विचारलं, ‘आत्या, मग मार्कर कुठला आणू, पाण्याने न पुसणारा?’ शनिवारी संध्याकाळी मी टेप घेऊन डोंबिवलीला जाते आहे. पाइपाचं तोंड मी स्वतः मोजल्याशिवाय तो सिमेंट लावणार नाही, असं त्याने कबूल केलंय.