तिन्ही इंजिनं एका रंगाची हवीत म्हणे!

निवडणूक लागली की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर न चुकता येतो. या खेपेला दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी टाकला. मजकूर साधारण असा: दिल्लीतलं सरकार, मुंबईतलं सरकार आणि महापालिका, ही तिन्ही ‘इंजिनं’ एकाच पक्षाकडे असतील तरच निधी येतो, प्रकल्प येतात, भांडणं मिटतात, दुसऱ्यांना दिलेलं मत वाया. काका माणूस भला, पण त्यांचा फॉरवर्ड चाळणीत घातला की बराचसा भुसाच निघतो. एक दाणा आहे, तोही दाखवतो.

आधी पैसा. केंद्रीय करांतला राज्याचा वाटा कोणी मंत्री खूश होऊन देत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने वाटपयोग्य करांपैकी ४१ टक्के राज्यांना दिले. त्यात कोणाला किती, हे दरडोई उत्पन्नातली तफावत, लोकसंख्या, क्षेत्रफळ, जंगल अशा निकषांवर ठरतं. चौदाव्या आयोगात महाराष्ट्राचा हिस्सा ५.५२ टक्के होता, आणि त्या पाच वर्षांत बहुतेक काळ दोन्हीकडे भाजप होता. पंधराव्यात तो ६.३२ टक्क्यांवर गेला. अहवाल आला तेव्हा, नोव्हेंबर २०२० मध्ये, मंत्रालयात महाविकास आघाडी बसली होती. त्यात आघाडीचं कर्तृत्व शून्य. मी तेच तर म्हणतोय.

प्रकल्पांचं काय? वेदांता-फॉक्सकॉनचा चिप बनवण्याचा प्रकल्प तळेगावला येणार येणार म्हणता म्हणता सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातला गेला, तेव्हा इथलं डबल इंजिन अडीच महिन्यांचं होतं. (पुढच्याच वर्षी फॉक्सकॉननेही अंग काढून घेतलं, ते वेगळं.) उलट दिल्लीशी उभा दावा मांडलेल्या द्रमुकच्या तमिळनाडूत, श्रीपेरंबुदूरला, आयफोन जुळवणं सुरूच राहिलं. उद्योजक बंदर बघतो, वीज बघतो, सवलती बघतो.

सगळ्यात मजेशीर दावा भांडणं मिटण्याचा. डिसेंबर २०२२ आठवून बघा. दिल्ली, बंगळूर आणि पणजीत भाजप, मुंबईत भाजप आणि शिंदे गट. म्हणजे चार इंजिनं. ६ डिसेंबरला बेळगावजवळ हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या नंबरप्लेटच्या ट्रकवर दगड पडले. १४ तारखेला केंद्रीय गृहमंत्र्यांना दोन्ही मुख्यमंत्र्यांना समोरासमोर बसवावं लागलं. ज्या सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला, तो त्या बैठकीने तसूभरही हलला नाही. त्याच महिन्यात केंद्रीय जल आयोगाने म्हादई नदीचं पाणी वळवणाऱ्या कर्नाटकाच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाच्या अहवालाला मान्यता दिली आणि म्हादईसाठी अख्खा गोवा पेटला. आपल्याच पक्षाचं केंद्र, आपल्याच पक्षाचा शेजारी, तरी पणजीच्या मुख्यमंत्र्यांची तारांबळ. कारण उघड होतं: कर्नाटकात पाच महिन्यांवर विधानसभा निवडणूक होती. मुख्यमंत्र्याला मतं घरच्या मतदारांकडून मागायची असतात, पक्षबंधूंकडून नव्हे.

आता तो दाणा. रंग वेगळे असले की खोडा घातला जातो, हे खरंच आहे. आरेच्या जंगलाऐवजी कांजूरमार्गच्या मिठागराच्या जमिनीवर राज्याने मेट्रो कारशेड ठरवली, केंद्राने मालकी सांगितली, डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाची स्थगिती आली आणि काम ठप्प. आरेचा हट्ट कोणाचा, कांजूरचा कोणाचा, यात पडत नाही. दोन्हीकडून राजकारण झालं. विधान परिषदेवर राज्यपालांनी नेमायच्या बारा आमदारांची यादी त्याच वर्षी नोव्हेंबरात राजभवनात गेली. राज्यपालांनी ना होकार दिला ना नकार, आणि सरकार पडलं तरी यादी तिथेच. पण काका, हे सांगून मत मागणं म्हणजे ‘आम्हाला निवडा, नाहीतर अडवू’ असं सांगणं. पक्षनिधीतून देणार असतील तर गोष्ट वेगळी. हा तर आपल्याच करांचा पैसा!

राहिलं तिसरं इंजिन. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि प्रशासक आला. पाठोपाठ राज्यभर तेच. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्टकज्जे. सुरुवात आघाडीच्या काळात झाली, हे मान्य. पण ३० जून २०२२ पासून वरची दोन्ही इंजिनं जुळलेली होती. तरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये चार महिन्यांत निवडणुका घ्या असं बजावेपर्यंत हालचाल नव्हती, आणि मुंबईत मतदान उजाडलं ते १५ जानेवारी २०२६ ला.

या काळात आमच्या प्रभागातल्या नगरसेवकाच्या ऑफिसच्या पाटीवर कोणीतरी पांढऱ्या रंगाने ‘माजी’ लिहिलं. कोपऱ्यावरच्या चेंबरचं झाकण फुटलं, तेव्हा अर्ज घेऊन जायचं कुणाकडे हेच कळेना. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ हे तीनदा ऐकून मी परत आलो. शेवटी वॉचमनने गुलमोहराची एक फांदी त्या भोकात खोवून ठेवली, कोणी पडू नये म्हणून. वाळली की तो नवी तोडून आणायचा. काकांना आठवत असेल, त्यांची स्कूटर तिथेच लागते.