‘चार हात-पाय हलवा’ म्हणणाऱ्या सुभेदारसाहेबांना उत्तर

सुभेदारसाहेब, जय हिंद.

माझ्या गेल्या लेखाखाली तुम्ही लांबलचक प्रतिक्रिया दिलीत. लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फौजेतून मेडिकलवर घरी आलेल्या जवानाची डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली गेली, अपील केलं, की निकाल लागेपर्यंत घर कसं रेटायचं, एवढाच त्याचा विषय होता. ग्रुप इन्शुरन्सच्या पैशाला हात का लावायचा नाही, फंडातून गाडी का घ्यायची नाही, बिनपरवान्याच्या सावकाराकडे जाण्याआधी घरातलं सोनं बँकेत किंवा पतसंस्थेत का ठेवावं, वगैरे.

त्यावर तुमचं म्हणणं असं, की मी बायकांना दागिने गहाण टाकायला शिकवते, गावच्या सोसायटीचं स्वस्त कर्ज सांगत नाही, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं नावही घेत नाही. अपिलं-कोर्टकचेऱ्यांनी फौजेची बदनामी होते. आणि रिटायर होता होता बीपी-शुगरचा कागद करून पेन्शन वाढवून घेणाऱ्यांमुळे खऱ्या माणसांची प्रकरणं अडकतात, ते मी मुद्दाम लपवलं. इथवर ठीक होतं. पण मध्येच हे वाक्य टाकलंत: ‘फौजी माणूस घरात बसून पेन्शनीची वाट बघत नसतो, मालकांना जरा चार हात-पाय हलवायला सांगा, सिक्युरिटीत कुणीही घेतं.’ आणि शेवटी, ‘ताई, शिकलेल्या दिसता, राग मानू नका.’

राग मानू नका असं लिहिलं की काहीही लिहायची मुभा मिळते, असा आपल्याकडे समज आहे. मी राग मानला.

हाताखालच्या माणसाशी बोलायची एक फौजी पद्धत असते, ती मला नवीन नाही. माझे वडील मराठा लाईट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनीवर आले. बेळगावच्या सेंटरमध्ये कसम परेड बघायला मी परकर नेसून गेलेली आहे. वडील घरात त्या आवाजात बोलायला लागले की आई म्हणायची, पलटण उंबऱ्याबाहेर ठेवून या. तुम्हालाही तेच सांगते. माझ्या नवऱ्याला तुम्ही पाहिलेलं नाही, त्यांची फाईल पाहिलेली नाही, आजार काय ते लेखात लिहिलेलं असूनही वाचलेलं दिसत नाही. आणि हुकूम सोडून मोकळे.

तर पुन्हा लिहिते. ह्यांना आकडी येते. भरतीच्या वेळी डॉक्टरांनी डोक्यापासून नखापर्यंत तपासलं होतं, तेव्हा कागदावर कसलीही नोंद नाही. पहिला झटका आला तो पोस्टिंगवर, रात्रीच्या ड्यूटीनंतर. मग हॉस्पिटल, मग कॅटेगरी (म्हणजे तब्येतीचा दर्जा खाली), मग डॉक्टरांचा मेडिकल बोर्ड. बोर्डानं शेरा मारला की आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेनं वाढलेलाही नाही. कारण म्हणून जे लिहिलंय ते एका ओळीत मावतं. त्या शेऱ्यावर डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली. सेवा दहा वर्षांच्या आतली. ट्रंक घेऊन घरी आले.

आकडीच्या माणसाला डॉक्टर दोन गोष्टी पहिल्यांदा बजावतात: गोळी चुकवू नका आणि झोप मोडू नका. आता सिक्युरिटीचं काम कसं असतं ते तुम्हीच सांगा. बारा तास उभं राहायचं, आणि नवा माणूस असला की रात्रपाळी त्याच्याच गळ्यात. तरी हे गेले. मी नको म्हणत असताना गेले, कारण तुमच्यासारखंच बोलणारे पारावरही आहेत. एमआयडीसीतल्या एका गेटवर लागले. कंपनीचं नाव घेत नाही, एजन्सीचंही घेत नाही. एके दिवशी पहाटे झटका आला, पडताना फाटकाच्या कडीवर हनुवटी आपटली, टाके पडले. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरचा फोन आला, उद्यापासून येऊ नका. राहिलेल्या पगारातून गणवेशाचे पैसे कापून घेतले. ‘कुणीही घेतं’ हे खरं आहे, साहेब. ठेवून कुणी घेत नाही.

ड्रायव्हरकी म्हणाल, तर लायसन्सच्या फॉर्म एकमध्ये पहिल्या काही प्रश्नांतच विचारतात, फिट किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का. खोटं लिहून शाळेची व्हॅन चालवावी असं तुमचं म्हणणं असेल तर तसं स्पष्ट लिहा. शेतात विहिरीच्या काठाला, कडबाकुट्टीजवळ, ट्रॅक्टरवर एकटं सोडता येत नाही. राहिलं काय? गोठा, धारा, पोरांना चालत शाळेला नेणं-आणणं, डेअरीला दूध घालणं. ते सगळं हेच करतात. हात-पाय हलतातच. त्याचे पैसे येत नाहीत, एवढंच.

आता यातली खरी गोम ऐका, कारण ती तुमच्यासारख्या पेन्शन चालू असलेल्या माणसाच्या वाट्याला आलेली नसते. दहा वर्षांच्या आत सेवा असलेल्या जवानाला मेडिकलवर घरी पाठवलं तर पूर्वी हातावर नुसती ग्रॅच्युइटी ठेवत. 2020 च्या जुलैत संरक्षण मंत्रालयानं पत्र काढलं, की 4 जानेवारी 2019 ला किंवा त्यानंतर सेवेत असलेल्यांना अशा वेळी इनव्हॅलिड पेन्शन मिळेल. चांगली गोष्ट. पण त्यात अट अशी, की माणूस फौजी नोकरीलाच नव्हे, तर बाहेरच्या नोकरीलाही कायमचा निकामी झालेला पाहिजे. म्हणजे गेटवर काठी घेऊन उभा राहिला तर ‘बघा, काम करतो की’, आणि नाही उभा राहिला तर सुभेदारसाहेब विचारणार, घरात का बसला. दोन्ही एकदम कसं जमवायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही, शिकलेली दिसत असले तरी.

बरं, फौज निकामी म्हणते, तर मग सिव्हिल हॉस्पिटलमधून अपंगत्वाचा दाखला काढावा, एसटीत तरी सवलत मिळेल, असं आम्हालाही वाटलं होतं. 2016 च्या अपंग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार दिलेत. त्या यादीत आकडी नाही. मग माजी सैनिकाचं ओळखपत्र? सरकारी व्याख्येप्रमाणे मेडिकलवर बाहेर पडलेला जवान ‘माजी सैनिक’ ठरतो तो मेडिकल किंवा डिसॅबिलिटी पेन्शन मंजूर झाली असेल तर. पेन्शन नाही म्हणून पीपीओ (पेन्शनचा आदेश) नाही, पीपीओ नाही म्हणून ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड नाही, कार्ड नाही म्हणून आकडीच्या गोळ्या मेडिकल दुकानातून रोख. साखळीतली पहिलीच कडी तुटलेली असली की पुढचं सगळं सुटं लोंबतं. त्या गोळ्या एक महिना जरी बंद केल्या तरी काय होतं ते मी बघितलंय. म्हणूनच लेखात मी औषधाचं पाकीट किराण्याच्याही आधी बाजूला काढायला सांगितलं. त्या ओळीवर तुम्ही चकार शब्द काढला नाहीत.

आणि वाट बघणं म्हणजे बसून राहणं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? बोर्डाच्या कागदांची प्रत मागवायची, ती आली की नकारपत्राची तारीख धरून सहा महिन्यांच्या आत पहिलं अपील टाकायचं, ते फेटाळलं तर दुसरं, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. उशीर केला तर काय होतं ते तरसेम सिंग या जवानाच्या 2008 च्या निकालात आहे. ते 1983 मध्ये घरी आले, कोर्टात गेले 1999 मध्ये, आणि सुप्रीम कोर्टानं थकबाकी दिली ती दावा टाकण्याआधीच्या फक्त तीन वर्षांची. बाकीची बुडाली. म्हणजे जो ‘फौजी माणूस वाट बघत नसतो’ म्हणून कागद ट्रंकेत टाकून कामाला लागतो, त्याचंच नुकसान. हा हिशोब पारावर कुणी सांगत नाही. हे गोठ्यात असतात तेव्हा मी फाईल घेऊन बसलेली असते. दिवसभर पतसंस्थेत दुसऱ्यांच्या खात्यांचे आकडे, रात्री आमचे.

बदनामीचं म्हणाल, तर धरमवीर सिंग यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. सिग्नल्सचे जवान. आजार आकडीचाच. 1994 मध्ये घरी पाठवले, पेन्शन नाकारली, कारण अगदी हेच. सुप्रीम कोर्टानं जुलै 2013 मध्ये त्यांच्या बाजूनं निकाल दिला: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेमुळे झाला असं धरून चालायचं, नाही म्हणायचं असेल तर बोर्डानं कारणं द्यायची, आणि शंका असेल तर फायदा जवानाला. त्या एका निकालावर आज कितीतरी घरांची प्रकरणं उभी आहेत. त्यात फौजेची बदनामी झाली असं मला तरी कुणी म्हटलेलं नाही. मला मात्र तो निकाल वाचताना कायद्यापेक्षा 1994 आणि 2013 याच दोन आकड्यांशी अडकायला होतं. मधली एकोणीस वर्षं त्या घरात चूल कशावर पेटली, ते निकालपत्रात कुठे नाही. माझा लेख त्या मधल्या वर्षांबद्दल होता.

एक मान्य करते. सोसायटीचं पीककर्ज सोनेतारणापेक्षा स्वस्त पडतं. तीन लाखांपर्यंतचं कर्ज वेळेत फेडलं तर महाराष्ट्रात व्याज सवलतीत निघून जातं, आणि सातबारा ज्याच्या नावावर आहे त्यानं आधी तिकडेच जावं. लेखात ते एका वाक्यात यायला हवं होतं, आता टाकते. आमचा सातबारा सासऱ्यांच्या नावावर आहे आणि त्यांचं कर्ज आधीच चालू आहे, पण हे आमचं झालं. सोन्याबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. पतसंस्थेच्या काउंटरवर बसून मी बघितलंय, की हातउसने घेतलेले पैसे परत देता आले नाहीत म्हणून भावकीत बोलणं तुटतं, आणि पावती घेऊन ठेवलेली बोरमाळ बहुतेक वेळा परत घरी जाते.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाबद्दल माझी तक्रार नाही. पण तिथून निराधार माजी सैनिकाला जे अनुदान मिळतं, 2025 च्या नोव्हेंबरपासून दरमहा 4,000 चं 8,000 झालेलं, ते वयाच्या पासष्टीनंतरचं आहे. आमचे हे पस्तिशीही ओलांडलेले नाहीत. आणि मूळ अडचण पुन्हा तीच, माजी सैनिक ठरायचं कशावर. मात्र त्याच वर्षी जुलैत विधी सेवा प्राधिकरणानं वीर परिवार सहायता योजना सुरू केली, तिच्यात सैनिक कार्यालयांतून मोफत कायदेशीर मदत मिळते. त्याबद्दल वेगळं लिहिणार आहे. तुमच्या सांगण्यावरून नाही, आधीच ठरलेलं होतं.

बीपी-शुगरवाल्यांचं काय ते मला विचारू नका. असतील तसे लोक. सप्टेंबर 2023 मध्ये डिसॅबिलिटी पेन्शनचे नियमच बदलले गेले, त्यावर ज्यांना भांडायचं ते भांडतायत. दुसऱ्यानं खोटा कागद केला असेल तर त्याचा जाब माझ्याकडे मागायचं कारण काय, ते तुमच्या प्रतिक्रियेतून मला कळलं नाही. तुमच्याच बरोबरचे असतील ते. मी तर एकालाही ओळखत नाही.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, पूर्ण ठेवली आहे. खाली काही बहिणींनी तुम्हाला जे लिहिलंय त्यातले दोन शब्द मी खोडले, तेवढं तुमच्या वयाकडे बघून. पुढच्या आठवड्यात पहिल्या अपिलाचा मराठी मसुदा टाकते आहे. तुमच्या सेवेत अशी अपिलं तुमच्या हातून गेली असतील, तर त्यात काय राहिलं ते कलमवार लिहा, मी आभार मानून दुरुस्त करीन. ह्यांच्या हातापायांबद्दल मात्र पुन्हा लिहिलंत तर ती प्रतिक्रिया राहणार नाही.