शेवटी एक लावा, मोकळे व्हा

लिनक्सच्या स्क्रिप्टमध्ये डिस्कचं पहिलं पार्टिशन, म्हणजे पहिला कप्पा, हवंय? मग विचार कसला करताय, नावापुढे एक चिकटवा. एसडीए या डिस्कनावाचं एसडीए१ झालं, काम फत्ते. तुमच्या सीनियरने हेच केलं, त्याच्या सीनियरनेही. त्यांच्या काळी एचडीए असायचं. २००७ साली फेडोरा ७ या लिनक्सच्या आवृत्तीने जुन्या, आयडीई जोडणीच्या डिस्कांनाही एसडीए म्हणायला सुरुवात केली, तेव्हा सगळ्या स्क्रिप्टांमध्ये एचडी शोधून एसडी करायचं आणि चहाला जायचं. घराण्याची परंपरा आहे ही, मोडू नका.

मग एके दिवशी एनव्हीएमई या वेगवान जोडणीच्या एसएसडीवालं नवं मशीन येतं. डिस्कचं नाव एनव्हीएमई०एन१. कंट्रोलरची (डिस्क चालवणाऱ्या चिपची) मोजणी शून्यापासून, नेमस्पेसची (तिच्यातल्या साठवणुकीच्या भागाची) एकापासून. ठरवणाऱ्यांनी विचार करूनच ठरवलं असेल. तुमची स्क्रिप्ट इमानेइतबारे एक चिकटवते आणि होतं एनव्हीएमई०एन११. म्हणजे अकरावी नेमस्पेस, जी तुमच्या मशीनमध्ये नाहीच.

कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, नियम एका ओळीचा आहे: डिस्कचं नाव आकड्यावर संपत असेल तर मधे पी घालायचा. एनव्हीएमई०एन१पी१. पण एका ओळीचा नियम पाळण्यात कसली आलीय मर्दुमकी? तुम्ही लिहा, ‘नावात एनव्हीएमई असेल तर पी’. रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकाचं एसडी कार्ड आलं की त्याच्या एमएमसीबीएलके या नावाची अट वाढवा. लूप डिव्हाइस (डिस्क म्हणून जोडलेली फाइल) आलं की आणखी एक. स्क्रिप्ट लांब दिसते, अप्रेझलला बरं पडतं.

पार्टिशनवरून डिस्क शोधायची असेल तर शेवटचे आकडे छाटा. एसडीए१वर छान चालतं. एनव्हीएमई०एन१पी१चं एनव्हीएमई०एन१पी होतं. पी तेवढा लोंबकळत राहतो, पोरक्यासारखा. डिस्कांची यादी देणाऱ्या एलएसबीएलके या कमांडला पीकेनेम हा रकाना विचारला तर ती पालक डिस्कचं नाव मुकाट सांगतं. पण पत्ता विचारणं आपल्या रक्तात नाही.

यूयूआयडीच्या, म्हणजे पार्टिशनच्या एकमेव ओळखक्रमांकाच्या, वाटेला तर जाऊच नका. हायफनांसकट ३६ अक्षरं, म्हणजे मुळातच छत्तीसचा आकडा. बूट होताना जी डिस्क आधी सापडली ती एसडीए, हे केवढं सुटसुटीत! आज जी एसडीए आहे ती उद्या एसडीबी झाली, तर बॅकअपच्या डिस्कलाही कधीतरी फॉरमॅट होण्याचा मान मिळतो.

आणि एनव्हीएमई०एन११ अस्तित्वात नाही म्हणून घाबरू नका. रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, होऊन डीडी या कॉपी करणाऱ्या कमांडने त्यावर डिस्क इमेज लिहा. डीडी सहसा कुरकुरत नाही. डिस्कांची नावं जिथे असतात त्या डेव्ह डिरेक्टरीत त्या नावाची साधी फाइल तयार करतो आणि इमेज तिच्यात ओततो. ती डिरेक्टरी रॅममध्ये राहते, त्यामुळे वेगही असा मिळतो की डोळे दिपावेत. शेवटी किती बाइट लिहिले तेही छापून येतं. त्याचा स्क्रीनशॉट साहेबांना पाठवा, तिकीट बंद करा.

फक्त ते मशीन कोणाला रीबूट करू देऊ नका.